बिजलीच्या पाठीवर आता बसता येणार नाही – लेकीला कसं सांगू?

पारिजातक

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझी लेक नऊ वर्षांची आहे. सातव्या महिन्यात जन्मली, सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पाय ताठ, डाव्या हाताची मूठ बहुतेक वेळ मिटलेली. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. बोलते, पण शब्द ओढत बोलते. अनोळखी माणसाला पहिल्या खेपेला कळत नाही, म्हणून बाहेर तोंडच उघडत नाही.

सासवडच्या अलीकडे ओळखीच्या काका-काकूंची शेती आहे. त्यांच्याकडे बिजली नावाची घोडी आहे. मुंबईत ती व्हिक्टोरिया, म्हणजे पर्यटकांची घोडागाडी, ओढायची. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितल्या. त्यानंतर तिचे मालक बदलत गेले आणि शेवटी ती वरातीच्या घोड्यांत आली. काकांनी पाहिली तेव्हा छातीवर पट्ट्याची जखम चिघळलेली, बरगड्या लांबून मोजता येत होत्या आणि बँडचा ढोल वाजला की अंग थरथरायचं. काकांनी तिथल्या तिथे पैसे देऊन तिला आणलं. काकू अजून म्हणतात, ट्रॅक्टरचा हप्ता त्या महिन्यात बिजलीने खाल्ला.

तीन वर्षांपूर्वी आम्ही सहज हुरड्याला गेलो होतो. मी खुर्ची गोठ्यापासून लांब उभी केली होती. घोडी स्वतःहून आली, बाजूला उभी राहिली आणि मान खाली घालून लेकीच्या मिटलेल्या मुठीवर फुरफुरली. ऊन श्वास लागल्यावर मूठ उघडली. मुद्दाम उघडायला सांगितलं की ती मूठ अजून घट्ट होते, हे ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना माहीत असेल.

मग फिजिओला विचारून, खुब्याचा एक्स-रे काढून, दर रविवारी पाठीवर बसायला सुरुवात केली. खोगीर नाही, जाड घोंगडी. काका दोर धरतात, दोन्ही बाजूंना आम्ही नवरा-बायको. घोडीच्या पावलांबरोबर लेक मोठ्यांदा मोजते, "एक, दोन, तीन, चार." हाच तिचा बोलण्याचा सराव. शेताच्या बांधावरून जाणारी माणसंसुद्धा ऐकतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

आता अडचण अशी. पावसाळा संपल्यापासून बिजली पुढच्या डाव्या पायाने लंगडतेय. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधा झिजलाय, आता पाठीवर कोणालाच बसवू नका. एक मैत्रीण म्हणते, दुसरीकडे चांगला शिकवलेला घोडा आहे, खंड पडू देऊ नकोस. आणि आम्ही दोन रविवार लेकीला सांगतोय की बिजलीला सर्दी झालीये. त्यात आणखी एक, बोलण्यातही ती मागे जायला लागलीये. मोजताना "तीन" नीट म्हणतच नाही, गिळून टाकते. स्पीच थेरपिस्टने त्यासाठी वेगळा सराव दिलाय.

दुसरा घोडा शोधू का? आणि तिला सांगू कसं?

चिंचेचं_झाड

सर्दीची थाप ताबडतोब थांबवा. रागावून सांगत नाहीये. माझा मुलगा चालू शकत नाही, पण घरात कोण काय लपवतंय ते त्याला आमच्या आवाजावरून कळतं. तिसऱ्या रविवारी ती विचारेल की सर्दीला औषध का देत नाही, तेव्हा काय सांगाल?

कडबाकुट्टी

मी जनावरांचा डॉक्टर आहे, घोडे बरेच पाहिलेत. पाय न बघता निदान सांगणार नाही, पण असं का होतं ते सांगतो.

घोड्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन पायांवर असतं. खूर मऊ जमिनीसाठी बनलेला आहे. वर्षानुवर्षं डांबरावर नाल ठोकून गाडी ओढली की प्रत्येक पावलाचा दणका सांध्यात जातो. मुंबईच्या रस्त्यावरून आलेल्या घोडीचे पुढचे सांधे विशीच्या आत गेले तर त्यात नवल नाही. तुमच्या लेकीमुळे हे झालेलं नाही, हे आधी मनातून काढून टाका. वीस-पंचवीस किलोचं मूल चारशे किलोच्या जनावराला जड नव्हतं. आता मात्र दुखऱ्या पायाचं घोडं अडखळू शकतं, आणि अडखळलं तर वरचं मूल स्वतःला सावरू शकणार नाही. डॉक्टरांचं ऐका.

एक गोष्ट विचारून घ्या. सांध्याच्या दुखण्यात घोडं दिवसभर बांधून ठेवलं तर जास्त आखडतं. मऊ, सपाट जमिनीवर हळूहळू, थोडा वेळ, रोज चालवायला बऱ्याचदा सांगतात. खूर सहा ते आठ आठवड्यांनी तासून घ्या. आणि अजून केली नसेल तर ग्लँडर्सची रक्ततपासणी करा, तो आजार माणसालाही होतो. घरातल्या सगळ्यांची धनुर्वाताची लस चालू ठेवा.

पावशेर_गूळ

बिजलीचं आयुष्यभर भारनियमन झालं, आता कुठे अखंड पुरवठा मिळतोय तिला! काका-काकूंना माझा साष्टांग नमस्कार. आणि गाजरं कुठे पाठवायची ते कळवा.

कडबाकुट्टी

@पावशेर_गूळ, गाजरं चालतील, उभी लांब चिरून. गोल चकत्या घशात अडकतात. तुमच्या नावातलं मात्र बेताने. म्हाताऱ्या घोड्याला गोड फार झालं की खुरांच्या आत सूज येऊ शकते. आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं नको असलेलं परत बाहेर येत नाही. पोटशुळाने घोडं हातचं जातं.

मुक्तजीव

मला जरा वेगळं म्हणायचंय, वाईट वाटून घेऊ नका. गाडीतून सोडवलं, वरातीतून सोडवलं आणि मग पुन्हा पाठीवर ओझं दिलं. सुटका म्हणायची आणि वर काम करून घ्यायचं, हे मला पटत नाही. ओझं लहान मुलाचं असलं तरी घोडीला कोणी विचारलं होतं का? आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत वडापावही दोनच येतात. कायदा एवढा दुबळा असताना निदान आपण तरी त्यांना पूर्ण विश्रांती द्यायला हवी.

नालबंदाचा_नातू

मुक्तजीव, तुमचा कळवळा खरा हाय, पण पूर्ण विश्रांती म्हंजे काय ते घोड्याला ठावं नसतंय बघा. आमचं आजोबा मिरजंत टांगेवाल्यांच्या घोड्यांना नाल ठोकायचं. त्यांच्या हाताखाली माझं बालपण गेलं. टांगा बंद झाल्यावर एकानं आपलं घोडं परड्यात नुसतं बांधून घातलं. चंदी येळंवर, पाणी येळंवर, कशाची कमी न्हवती. तरी ते जनावर दोन महिन्यांत दावणीची लाकडं कुरतडायला लागलं, जाग्यावर डुलायला लागलं. घोडं कळपातलं जनावर हाय, त्याला सोबत लागती.

आन् घोडीला इचारलं का म्हंता, तर ती सांगती की. कान मागं पाडले, शेपटी झाडली, दात इचकलं, म्हंजे नगो. तंग, म्हंजे खोगिराचा पट्टा, आवळायला गेल्यावर पोट फुगवून उभं राहणारी घोडी म्या बघितलीया. इथं तर घोडी सोता चालत आली आन् मान खाली घातली. त्यो होकारच हाय.

मुक्तजीव

@नालबंदाचा_नातू, कानांचं बरोबर आहे, मान्य. पण "आली म्हणजे होकार" आणि "बसू दिलं म्हणजे होकार" यात अंतर आहे. मार खाऊन खाऊन मुकाट झालेलं जनावरही बसू देतं.

पारिजातक

@मुक्तजीव, वाईट वाटलं नाही. हा प्रश्न काकूंनी पहिल्याच दिवशी विचारला होता. सुरुवातीचे चार महिने लेक पाठीवर बसलीच नाही, नुसता खरारा करायची, म्हणजे ब्रशने तिचं अंग घासायची. डाव्या हातात खरारा बांधून द्यावा लागायचा, कारण पकड नव्हती. पट्ट्याच्या जुन्या जखमेच्या जागी हात गेला की बिजली कातडी थरकावायची आणि लेक हात उचलून थांबायची. पुन्हा ठेवायची, पुन्हा थांबायची. एका रविवारी कातडी थरकली नाही. त्या दिवशी काका म्हणाले, आता हिला बसवून बघू. नाहीच म्हणाली असती तर तिथेच सोडलं असतं. तरी तुमचं म्हणणं डोक्यात ठेवतेय.

@चिंचेचं_झाड, खरंय. या रविवारी सांगणार.

तोल_सांभाळून

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. घोड्यावर बसून नक्की काय होतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे ते थांबलं तर काय थांबेल हे कळेल.

घोडं चालतं तेव्हा पाठीवर बसलेल्याचं कंबरडं पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडं वळत हलतं. आपण चालताना आपलं कंबरडं जवळपास तसंच हलतं. जे मूल कधी सुटं चाललेलंच नाही त्याच्या शरीराला चालण्याची ही लय पहिल्यांदा तिथे मिळते. घोडं मिनिटाला साधारण शंभर पावलं टाकतं. पंधरा मिनिटांत दीड हजार वेळा तोल सावरायचा, आणि तोही हसतखेळत. माझ्या खोलीत चेंडूवर बसवून मुलाकडून हे दीडशे वेळाही होत नाही. शिवाय घोड्याचं अंग आपल्यापेक्षा किंचित गरम असतं आणि पाय दोन्ही बाजूंना फाकलेले असतात, त्यामुळे मांड्यांचे आखडलेले स्नायू सैल पडतात.

पण खरं तेच सांगते. बसण्यातला तोल आणि मांड्यांचा ताठरपणा यात फरक दिसतो. मूल त्यामुळे सुटं चालायला लागेल असं कोणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी दहादा विचार करा. आणि हे सगळ्यांसाठी नाही. खुबा निखळत असेल, फिट्स आटोक्यात नसतील, डाऊन सिंड्रोमच्या मुलाच्या मानेचे वरचे मणके सैल असतील तर घोड्यावर बसवायचं नाही. तुम्ही खुब्याचा एक्स-रे काढलात ते फार योग्य केलंत.

दुसरा घोडा शोधायला माझी हरकत नाही. मात्र तुम्ही लिहिलंय त्यात मला सगळ्यात मोठं वाटलं ते मुठीचं आणि मोठ्यांदा मोजण्याचं. ते पाठीवरून आलेलं नाही.

सोनचाफा७

दुसऱ्या घोड्याबद्दल माझा अनुभव. वाचायला चांगला नाही, पण लिहिते.

मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला एका क्लबमध्ये घातलं. तासाचे पैसे आगाऊ. दर वेळी वेगळा घोडा, दर वेळी दोर धरणारा मुलगा वेगळा आणि तोही मोबाईलवर. बाजूला चालायला कोणी नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, घोडा शांत आहे." शांत होताही. कोणीतरी पत्र्याचं पिंप ओढलं, घोडा बाजूला उडाला आणि माझं पोर खाली. हेल्मेट मी घरून नेलं होतं म्हणून डोकं वाचलं, हाताचं हाड मोडलं. घोड्याची काही चूक नव्हती. तो घाबरला, बस. पण माझा मुलगा त्यानंतर वर्षभर घोड्याच्या चित्राचं पानसुद्धा उलटू द्यायचा नाही.

म्हणून सांगते, नवीन जागी गेलात तर आधी चार वेळा नुसतं बघायला जा. दोर धरणारा एक आणि बाजूला दोघं असल्याशिवाय लेकीला उचलून वर ठेवू नका. जिथे तुम्हाला घोड्याचं नाव सांगता येत नाही तिथून परत या.

कुडाळची_पोर

सोनचाफा, वाचून पोटात गोळा आला. आता कसा आहे तो?

सोनचाफा७

बरा आहे. गेल्या दिवाळीत गल्लीत नंदीबैल आला होता, त्याच्या शिंगाला हात लावला. मी आत जाऊन रडले.

टेम्सकाठचा_कोकणी

मी इंग्लंडमध्ये आरडीए, म्हणजे अपंगांसाठी घोडेस्वारी चालवणाऱ्या संस्थेच्या गावातल्या गटात दर शनिवारी मदतीला जातो. १९६९ पासून चालू असलेली संस्था आहे, बहुतेक सगळं काम फुकट काम करणाऱ्या लोकांवर चालतं. मी बाजूने चालतो. मुलाच्या मांडीवर हात ठेवून चालायचं आणि चिखलात आपलेच बूट अडकू द्यायचे नाहीत, एवढंच काम.

या सगळ्याची सुरुवात ज्यांच्यामुळे झाली असं सांगतात त्या लिस हार्टेल, डेन्मार्कच्या. १९४४ मध्ये गरोदर असताना पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे पडले. त्यांना घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्युबिली नावाच्या घोडीवर ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून शिकवलेल्या चाली नेमकेपणाने करवून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक, १९५६ ला पुन्हा रौप्य. बायकांना पुरुषांच्या बरोबरीने त्या प्रकारात उतरू दिल्याची १९५२ ही पहिलीच खेप होती.

पण मी लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. आमच्याकडेही घोडे म्हातारे होतात. पाठीवर बसणं बंद झालं म्हणून मुलांचं येणं बंद होत नाही. कोणी घासतं, कोणी घोड्याला नुसतं दोराने फिरवतं. "पोनीसोबत चहा" असा एक उपक्रम आहे. त्यात विसराळूपणाचा आजार झालेले आजी-आजोबा येतात, चहा पितात, घोड्याच्या मानेवरून हात फिरवतात. कोणी कशावर बसत नाही. एक आजोबा स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हते, पण घोड्याला तंग कसा आवळतात ते त्यांनी मला हाताने करून दाखवलं.

घरटं

थोडं अवांतर. ज्यांच्या मुलांना सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता आहे त्यांनी निरामय आरोग्य विमा काढला नसेल तर काढा. राष्ट्रीय न्यासाची योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि थेरपीचा खर्चही त्यात काही मर्यादेपर्यंत बसतो. घोड्यासाठी नाही, पण फिजिओ आणि स्पीचची पावती जपून ठेवा.

चिंचेचं_झाड

घरटं, धन्यवाद. याचा वेगळा धागा काढा ना, इथे हरवून जाईल.

रानजाई

माझा भाचा ऑटिस्टिक आहे. माथेरानला गेलो होतो तेव्हा एका घोडेवाल्याने त्याला वीसएक मिनिटं घोड्याशेजारी नुसतं उभं राहू दिलं. गिऱ्हाईक सोडून. पैसे दिले तर म्हणाला, "बसला कुठं तो, पैसे कशाचे?" भाच्याने घोड्याच्या मानेला कान लावला होता. आम्हाला त्याला मिठी मारता येत नाही, अंगाला हात लावलेला चालत नाही. त्या वीस मिनिटांचा फोटोसुद्धा आम्ही काढला नाही, इतके स्तब्ध होतो.

माणूस मुलाकडून सतत काहीतरी मागतो. बोल, बघ, बस, हसून दाखव. घोडं काही मागत नाही.

तोल_सांभाळून

@पारिजातक, कडबाकुट्टींनी लिहिलेलं वाचून एक सुचलं. बिजलीला मऊ जमिनीवर हळू, थोडं, रोज चालायला हवं. आणि मला वाटतं तुमच्या लेकीच्या फिजिओनेही वॉकरवर चालण्याचा सराव दिलाच असेल, आणि ती कंटाळा करत असेल (सगळीच करतात). दोघींना बरोबर चालवलं तर?

नालबंदाचा_नातू

लई ब्येस! फकस्त दोर पोरीच्या हाताला गुंडाळू नगा, कदीच न्हाई. हातात नुसता धरायचा, सुटला तर सुटू दे. दुसरा दोर काकांच्या हातात. आन् घोडीच्या थेट नाकापुढं न्हाई तर शेपटीमागं जायचं न्हाई, तिथं तिला दिसत न्हाई. खांद्याच्या बाजूनं चाला.

मुक्तजीव

याला माझा पूर्ण पाठिंबा. गाजरांत माझाही वाटा धरा.

पारिजातक

धागा वर काढतेय. तीन आठवडे झाले, कळवायचं राहून गेलं होतं.

रविवारी गोठ्यासमोर खुर्ची लावली आणि सरळ सांगितलं. सर्दी नाही, पाय दुखतोय, आता पाठीवर बसायचं नाही. मी रडण्याची तयारी ठेवली होती, रुमाल हातात होता. लेक म्हणाली, "माहितीये."

कसं माहीत, विचारलं. तिने मोजून दाखवलं. "एक, दोन, ती..., चार." आणि बिजलीच्या पुढच्या डाव्या पायाकडे बोट केलं.

ती "तीन" गिळत नव्हती. घोडी तिसरं पाऊल पूर्ण टेकवत नव्हती आणि ती तसंच्या तसं मोजत होती. आम्ही बाजूने चालत होतो, आम्हाला दिसलं नाही. काकांना दिसलं नाही. तिला ते खालून लागत होतं. म्हणजे डॉक्टरांच्या कितीतरी आधीपासून ती दर रविवारी मोठ्यांदा सांगत होती आणि आम्ही तिला "तीन" म्हणायचा सराव करून घेत होतो. त्या दिवशी तिला जवळ घेऊन माफी मागितली. तिला ती कशाबद्दल तेही नीट कळलं नसेल, ती घोडीकडेच बघत होती.

आता काकांनी बांधाच्या कडेने मुरूम टाकून पट्टी सपाट केलीये, तिच्यावरून वॉकर चालतो. शेजारच्या गवतातून बिजली. एक दोर काकांकडे, एक लेकीकडे, नुसता बोटांत धरलेला (@नालबंदाचा_नातू, तुमचं वाक्य काकांनी पाठ केलंय). पहिल्या दिवशी आंब्यापर्यंत, परवा विहिरीपर्यंत. वॉकर थांबला की बिजली थांबते. बिजली थांबली की लेक आधी तिच्या पायाकडे बघते आणि मग काकांना सांगते, तिच्या त्याच ओढलेल्या शब्दांत, आणि काका पहिल्या खेपेला समजतात.

दुसरा घोडा सध्या नाही. @तोल_सांभाळून, मांड्या आखडू नयेत म्हणून आमच्या फिजिओने घरी करायचे वेगळे व्यायाम दिलेत, ते ती कुरकुरत करते.

एकच विचारायचंय. वॉकरची पुढची चाकं लहान आहेत, मुरमात रुततात. मोठी चाकं बसवून मिळतात का कुठे?

चिंचेचं_झाड

मिळतात. आम्ही कृत्रिम अवयव आणि कॅलिपर बनवणाऱ्या कारागिराकडून बसवून घेतली होती. आठ इंची घ्या, भरीव रबराची. हवेची घेऊ नका, शेतात काटे असतात. जुनी चाकं टाकू नका, घरात फरशीवर तीच बरी पडतात.

पावशेर_गूळ

गाजरं उद्या निघतायत. उभी चिरून पाठवू की काकू चिरतील?

पारिजातक

अख्खीच पाठवा. चिरायचं काम लेकीने मागून घेतलंय, डाव्या हाताने गाजर धरून.